१०८ वरचा आवाज हाही उपचारच आहे

‘रुग्णवाहिका वेळेत न आल्याने रुग्णाचा मृत्यू.’ ही बातमी तुम्ही वर्षातून चार-सहा वेळा तरी वाचत असाल. गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोहोचली, वाटेत कुठे अडकली, सगळं त्यात येतं. एक गोष्ट मात्र सहसा नसते. फोन लावल्यापासून गाडी दारात येईपर्यंत त्या घरातल्या माणसांना फोनवरून काय सांगितलं गेलं? आणि त्या वेळात त्यांनी काय केलं?

माझं मत आधीच सांगून टाकते. तातडीच्या वैद्यकीय सेवेतली सगळ्यात महत्त्वाची खुर्ची गाडीत नसते. ती फोन घेणाऱ्या खोलीत असते. आणि त्या खुर्चीवरच्या मुलामुलींचं काम जो ऐकतो, तपासतो, सुधारतो, तो पर्यवेक्षक कसा आहे यावर तुमच्या-माझ्या घरातल्या माणसाचा जीव अवलंबून असू शकतो. गाड्यांची संख्या वाढवा म्हणून आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो. ते योग्यच आहे. पण फोनवरचं बोलणं तपासा, असं निवेदन कुणी दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आधी फोन नेमका कुठे जातो ते पाहू. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा ९३७ रुग्णवाहिका ठरवल्या होत्या. त्यातल्या २३३ ‘अ‍ॅडव्हान्स्ड लाईफ सपोर्ट’च्या, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला शॉक द्यायचं यंत्र असलेल्या, आणि ७०४ ‘बेसिक लाईफ सपोर्ट’च्या. गाडीत डॉक्टर असणं ही आपल्या राज्याची खासियत. इतर बऱ्याच राज्यांत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. तुम्ही सिडकोतून फोन लावा, सोयगावातून लावा की थेट गडचिरोलीतून, घंटी वाजते ती पुण्यात औंधला, राज्याच्या एकाच नियंत्रण कक्षात. तिथून तुमच्या जवळच्या गाडीला निरोप जातो. ११२ वेगळा. तो मुख्यतः पोलिसांचा एकत्रित क्रमांक, त्याची केंद्रं नवी मुंबईत आणि नागपुरात आहेत. १०२ गरोदर माता आणि बाळांसाठी, १०४ आरोग्याच्या सल्ल्यासाठी. जिवावर बेतलेलं असेल तर १०८, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता थोडं गणित. या सेवेने गाडी पोहोचण्यासाठी स्वतःसमोर ठेवलेली वेळ शहरात २० मिनिटं, ग्रामीण भागात ३० मिनिटं अशी आहे. बहुतेक आजारांत ही वेळ चालून जाते. पाय मोडला, दमा वाढला, कळा सुरू झाल्या, तर २० मिनिटांत आलेली गाडी हा चांगला आधार आहे.

पण हृदय बंद पडलं तर? इथे एक गोंधळ दूर करते. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं. त्यात माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत कळ येते, घाम फुटतो, तो बोलत असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंगच थांबणं. माणूस कोसळतो, हाक मारली तरी उत्तर देत नाही. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण दोन्ही एक नाहीत. अरेस्टमध्ये मेंदूला रक्त मिळणं थांबतं आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा व्हायला लागते. कुणी छाती दाबली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणजे गाडी ठरलेल्या वेळेत, एक मिनिटही उशीर न करता आली, तरी त्या रुग्णासाठी ती उशिराच आलेली असते. हा चालकाचा दोष नाही आणि डॉक्टरचाही नाही. जालना रोडवर सायंकाळी सात वाजता पाच मिनिटांत कुठेही पोहोचणारी गाडी जगात कुणी बनवलेली नाही.

त्या पाच मिनिटांत रुग्णापर्यंत पोहोचू शकतो तो फक्त फोनवरचा आवाज. आणि दाबायला हात असतात ते तुमचे.

ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये १९३५ साली विम्पोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागली. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला, पण टेलिफोन एक्स्चेंजने त्याचा कॉल रांगेत ठेवला. पाच स्त्रिया दगावल्या. त्या संतापातून १९३७ मध्ये ९९९ हा तातडीचा क्रमांक आला. म्हणजे जगातला पहिला तातडीचा क्रमांक जन्माला आला तो बंब कमी होते म्हणून नव्हे, तर फोन कुणी वेळेवर घेतला नाही म्हणून. पुढे अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या अग्निशमन दलात काम करणाऱ्या डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी फोन घेणाऱ्यांसाठी कार्डं तयार केली: अमुक तक्रार आली तर हे प्रश्न विचारा, तमुक उत्तर आलं तर गाडी येईपर्यंत हे करायला सांगा. सिअ‍ॅटलच्या परिसरात १९८० च्या दशकात फोनवरून छाती दाबायला शिकवायला सुरुवात झाली. त्याआधी फोन घेणारा म्हणजे पत्ता लिहून घेणारा कारकून, एवढीच समजूत होती. आपल्याकडे अनेकांच्या डोक्यात ती आजही तशीच आहे. ‘नुसते प्रश्न विचारत बसतात, गाडी पाठवत नाहीत’ ही तक्रार त्यातूनच येते. खरं तर नीट चालणाऱ्या केंद्रात पत्ता कळला की एकीकडे गाडी हलवायची आणि दुसरीकडे प्रश्न चालू ठेवायचे, अशी पद्धत असते. प्रश्नांमुळे गाडी थांबत नाही. प्रश्नांमुळे कोणती गाडी पाठवायची आणि तोवर तुम्ही काय करायचं, ते ठरतं.

अरेस्ट ओळखायला फोनवर दोनच प्रश्न लागतात. माणूस शुद्धीवर आहे का? नेहमीसारखा श्वास घेतोय का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची. ऐकायला सोपं आहे. घोळ होतो तो दुसऱ्या प्रश्नात. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं अनेक रुग्ण आचके देतात. तोंड उघडतं, एक मोठा घरघर करणारा श्वास येतो, मग दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा एक. घरच्यांना वाटतं श्वास चालू आहे. ते फोनवर ठामपणे सांगतात, ‘हो हो, श्वास घेतायत.’ आणि फोन घेणारी मुलगी त्यावर विश्वास ठेवते. दोघांचाही हेतू चांगला, आणि जी मिनिटं हातात होती ती निघून जातात. काही जणांना कोसळताना क्षणभर झटके येतात. मग घरात ‘फिट आली, फिट आली’ म्हणून चप्पल आणि कांदा शोधण्याची धावपळ सुरू होते.

अशा वेळी अनुभवी माणूस ‘श्वास चालू आहे का’ एवढं विचारून थांबत नाही. तो म्हणतो, ‘छातीकडे बघा. प्रत्येक वेळी छाती वर आली की मला “हो” म्हणा.’ पहिला ‘हो’ आणि दुसरा ‘हो’ यांत बारा सेकंद गेले की त्याला उत्तर मिळालेलं असतं. ही युक्ती पुस्तकात एका ओळीत संपते. ती अंगवळणी पडायला मात्र कुणीतरी तुमचे जुने कॉल तुमच्याबरोबर बसून ऐकावे लागतात.

इथेच पर्यवेक्षकाचं खरं काम सुरू होतं. माझ्या मते चांगल्या केंद्रात दर आठवड्याला अरेस्टचे सगळे कॉल बाजूला काढावेत, स्टॉपवॉच लावून ऐकावेत आणि लिहावं: कितव्या सेकंदाला फोन उचलला, कितव्या सेकंदाला पत्ता कळला, कितव्या सेकंदाला अरेस्ट ओळखला, कितव्या सेकंदाला घरच्यांनी पहिला दाब दिला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने यासाठी मोजमाप सुचवलेलं आहे. अरेस्ट दीड मिनिटाच्या आत ओळखला जावा, पहिला दाब अडीच मिनिटांच्या आत पडावा. २० मिनिटांच्या गाडीपुढे हे अडीच मिनिटांचं माप ठेवून बघा, मी कशाबद्दल बोलते आहे ते लगेच कळेल.

आणि हे ऐकणं शिक्षा देण्यासाठी नसावं. चुकलेल्या कॉलवर पगार कापला की पुढच्या वेळी तो कर्मचारी जोखमीचा सल्लाच देणार नाही. ‘गाडी पाठवली आहे’ म्हणून फोन ठेवून देईल. नियमाने तो बरोबर ठरेल आणि रुग्ण जाईल. सुधारणा करायची तर कॉलची नोंद ऐकवून विचारावं लागतं, ‘इथे त्या बाईंनी “घोरतायत” असं म्हटलं, तेव्हा तुझ्या मनात काय आलं?’ वॉर्डात आम्ही मृत्यूंचा आढावा घेतो तो याच पद्धतीने, निदान घ्यायला हवा. फोनवरच्या उपचाराला तोच न्याय का नसावा?

कॉल सेंटर म्हटलं की आपल्याकडे एकच फूटपट्टी येते: एक कॉल सरासरी किती वेळात संपला. मोबाइलच्या बिलाची तक्रार असेल तर जितक्या लवकर तितकं चांगलं. तातडीच्या वैद्यकीय फोनला हीच फूटपट्टी लावली तर उलटा परिणाम होतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या घरच्यांबरोबर जो कर्मचारी आठ मिनिटं ‘एक, दोन, तीन, चार’ मोजत लाइनवर थांबला, त्याची सरासरी बिघडते. ज्याने चाळीस सेकंदांत पत्ता घेऊन फोन ठेवला, तो तक्त्यात वर येतो. म्हणून पर्यवेक्षकाला वैद्यकीय समज हवी असं मी म्हणते. फक्त व्यवस्थापनाची पदवी पुरणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एकजण आठ मिनिटं एकाच कॉलवर बसला तर बाकीचे फोन कोण घेणार? राज्यभराचे फोन एका जागी येतात. सणासुदीला, पावसाळ्यात, मोठ्या अपघाताच्या वेळी लाइन भरून जाते. हे खरं आहे. पण त्यावरचा उपाय सगळ्यांचे कॉल छोटे करणं हा नाही. पाय मुरगळल्याचा कॉल लवकर संपवा आणि अरेस्टचा कॉल तिथल्याच डॉक्टरकडे किंवा खास प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याकडे द्या. कुठला कॉल लांबू द्यायचा आणि कुठला आवरायचा हे ठरवता येणं, हीच तर देखरेख. दुसरा आक्षेप डॉक्टरमंडळींकडूनच येतो: अरेस्ट नसताना छाती दाबली तर? बरगडी दुखावू शकते, क्वचित मोडते. पण अशा रुग्णांच्या अभ्यासांत गंभीर इजा फारच थोड्यांना झालेली आढळते. शुद्धीवरचा माणूस दाबल्यावर हात झटकतोच. नको असताना दाबण्यापेक्षा हवं असताना न दाबणं कितीतरी महाग पडतं.

आता भाषेकडे येते, कारण हा विषय आपल्या मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचा आहे. फोनवर रुग्ण दिसत नाही, फक्त शब्द ऐकू येतात. आणि आपल्याकडचे शब्द पुस्तकात सापडत नाहीत. ‘डॉक्टर, पोरानं औषध घेतलं’ असं वाक्य सिल्लोडच्या किंवा पैठणच्या एखाद्या वस्तीवरून आलं, तर त्याचा अर्थ गोळी घेतली असा नसतो. त्याने फवारणीचं कीटकनाशक प्यायलेलं असतं. ‘पान लागलं’ म्हणजे साप चावला; सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे लकवा, आमच्या भाषेत स्ट्रोक. ‘बाळंतिणीच्या अंगावरून लई जातंय’ म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, जो तासाभरात जीव घेऊ शकतो. ‘पाणी गेलं’ म्हणजे पाणमोट फुटली. ‘दातखिळी बसली’, ‘हातपाय गार पडले’, ‘जीव घाबरा होतोय’ या प्रत्येकामागे पाच-सहा वेगवेगळे आजार असू शकतात. शहरात शहागंज, रोशन गेटकडून फोन आला तर दख्खनी बोली ऐकू येईल. ‘औषध घेतलं’ हे वाक्य ज्याने चुकीचं ऐकलं, त्याने कितीही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ते टाइप केलं तरी उपयोग नाही.

कीटकनाशकाचंच उदाहरण घ्या. फोनवर योग्य माणूस असेल तर तो सांगेल: मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, कपड्यांवर औषध सांडलं असेल तर कपडे काढा, अंग पाण्याने धुवा, डाव्या कुशीवर झोपवा, बाटली किंवा डबा बरोबर द्या. पाच सूचना, पाऊण मिनिट. न सांगितल्या तर घरचे मिठाचं पाणी पाजणारच, कारण आजोबांच्या वेळेपासून तेच करत आलेत, आणि बेशुद्ध होत चाललेल्या माणसाच्या फुप्फुसात ती उलटी जाते. साप चावलेल्याला चिरा देऊ नका, दोरी आवळून बांधू नका, पाय हलवू देऊ नका, हेही फोनवरच सांगायचं असतं. लकवा असेल तर ‘शेवटचं नीट कधी बघितलंत?’ हा प्रश्न आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय, या दोन गोष्टी ठरल्या की अर्धी लढाई होते. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लहान दवाखान्यात तास घालवून मग शहरात आलेल्या रुग्णाचा हिशोब तिथेच चुकलेला असतो.

पत्त्याची तर आपल्या शहरात गंमतच आहे. वाळूज एमआयडीसीजवळ पंढरपूर नावाचं गाव आहे. तिथल्या माणसाने घाईत ‘पंढरपुरात अ‍ॅक्सिडेंट झालाय’ एवढंच सांगितलं, तर पुण्यात बसलेल्याच्या डोळ्यांसमोर विठोबाचं पंढरपूर येणार, सोलापूर जिल्ह्यातलं. बीड बायपासच्या पलीकडे सातारा परिसर आहे. ‘साताऱ्यातून बोलतोय’ म्हटलं तर? सिडको नाशकातही आहे आणि नवी मुंबईतही. शिवाजीनगर नसलेलं शहर दाखवा. आपल्याला ‘घाटी’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, पण पुण्याच्या नव्या कर्मचाऱ्याला ‘घाटीत न्यायचंय’चा अर्थ लागेलच असं नाही, त्याला कन्नडचा घाटही आठवू शकतो. शिवाय शहराचं नाव बदललं. जुनं आणि नवं दोन्ही नावं लोकांच्या तोंडी आहेत. एक केंद्र सगळ्या राज्यासाठी असण्याचे फायदे आहेत, शेजारच्या जिल्ह्यातली मोकळी गाडी पटकन दिसते. पण मग दर जिल्ह्याच्या शब्दांची आणि ठिकाणांची यादी करून, नव्या माणसाला त्यातून परीक्षा घेऊन बसवणं ही पर्यवेक्षकाची जबाबदारी होते. मराठवाड्यातली चार मुलंमुली प्रत्येक पाळीत असावीत, असंही मला वाटतं. हा प्रांताभिमान नाही. औषध द्यावं तसंच हे आहे, डोस योग्य हवा.

फोन घेणाऱ्यांच्या मनाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्यांचा आपल्याला राग येतो आणि कीव कधी येत नाही. विचार करा. एका कॉलमध्ये बाप ओरडतोय, पोरगं विहिरीतून काढलंय, श्वास नाही. सात मिनिटं ती मुलगी त्याच्याबरोबर मोजते. गाडी पोहोचते, फोन कट होतो. पोरगं वाचलं की नाही, तिला कळत नाही. आणि पुढची घंटी वाजते, त्यावर कुणीतरी शिव्या देतो, किंवा लहान मुलं हसत फोन ठेवतात, किंवा एखादा पुरुष घाणेरडं बोलतो. महिला कर्मचाऱ्यांना असले फोन येतात, हे जगभरच्या अशा केंद्रांचं दुखणं आहे. आम्हा डॉक्टरांना निदान रुग्णाचा चेहरा दिसतो, शेवट कळतो. त्यांना शेवटच नाही. अशा माणसाला वाईट कॉलनंतर दहा मिनिटं उठून बाहेर जाता यावं, रुग्णाचं पुढे काय झालं ते रुग्णालयाकडून त्याच्यापर्यंत पोहोचावं, एवढी सोय करायला पैसा फारसा लागत नाही, इच्छा लागते. थकलेला कान ‘औषध घेतलं’मधला फरक ऐकत नाही.

तुमच्याकडूनही काही अपेक्षा आहेत. आमच्याकडे असे नातेवाईक येतात जे म्हणतात, ‘फोन कशाला करायचा, गाडी दारातच होती.’ रुग्ण मागच्या सीटवर बसवलेला, मान एका बाजूला कललेली. किती वेळ झाला विचारलं तर पंधरा मिनिटं. छाती दाबली का विचारलं तर एकमेकांची तोंडं बघतात. त्यांचं प्रेम कमी नव्हतं. चार माणसांनी जिवाच्या आकांताने उचलून आणलेलं असतं. पण त्या पंधरा मिनिटांत फोनवर कुणीतरी असतं तर ते म्हणालं असतं: गाडीत घालू नका, जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ. दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. थकलात तर दुसऱ्याला द्या. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नका देऊ, दाबत राहा. मोठ्या माणसांसाठी नुसतं दाबण्याची ही पद्धत भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही सामान्य लोकांसाठी पुढे आणली आहे. लहान मुलं आणि बुडालेल्या व्यक्तींना श्वास देणंही गरजेचं असतं, म्हणून तिथे फोनवरच्या सूचना आणखी महत्त्वाच्या. छातीत दुखतंय पण माणूस बोलतोय, आणि रुग्णालय पाच मिनिटांवर आहे, तर स्वतःच्या गाडीने नेलंत म्हणून मी नावं ठेवणार नाही. कोसळलेल्या, न बोलणाऱ्या माणसाला मात्र आधी जमिनीवर घ्या, फोन स्पीकरवर टाका आणि सुरू करा.

फोन रुग्णाच्या शेजारच्या माणसाने लावावा. मुंबईतल्या मुलाने केलेल्या फोनवर कुणी काही विचारू शकत नाही, कारण त्याला काहीच दिसत नसतं. आधी पत्ता सांगा, रडणं नंतर. जिल्हा आणि तालुका आधी, मग गाव किंवा कॉलनी, मग अशी खूण जी पुण्यातल्या माणसाला नकाशावर सापडेल: पेट्रोल पंप, शाळा, मंदिर, मशीद, पाण्याची टाकी. ‘देशमुखांच्या घरामागे’ ही खूण फक्त देशमुखांना माहीत असते. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका, आणि नंतर अनोळखी क्रमांक आला तर उचला. बहुतेक वेळा तो गाडीतूनच असतो. एकाने फोनवर राहावं, एकाने कोपऱ्यावर जाऊन उभं राहावं. रस्त्यावरचा अपघात असेल तर ‘पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार’ ही भीती सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

आणि आपल्या आमदार-नगरसेवकांकडे मागायचं काय? नव्या गाडीच्या पूजेचे फोटो भरपूर झाले. जिल्हावार आकडे मागा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून गेलेले फोन किती सेकंदांत उचलले गेले? अरेस्टच्या किती कॉलमध्ये फोनवरून छाती दाबायला सांगितलं गेलं? पहिला दाब किती मिनिटांत पडला? किती रुग्ण चालत घरी गेले? कॉल ऐकून तपासणारे किती जण आहेत आणि त्यात डॉक्टर, परिचारिका किती? हे दर तीन महिन्यांनी वर्तमानपत्रात छापून आलं, तर ‘रुग्णवाहिका उशिरा आली’ या बातमीत पुढचा परिच्छेदही येऊ लागेल.

तोवर एक काम आजच्या रात्री करता येईल. एका कागदावर मोठ्या अक्षरात आपला पूर्ण पत्ता लिहा: जिल्हा, तालुका, वॉर्ड किंवा गाव, गल्ली, नकाशावर सापडेल अशी खूण. खाली १०८ लिहा. फ्रिजवर किंवा दाराच्या मागे चिकटवा. मग घरातल्या सगळ्यात लहान, पण वाचता येणाऱ्या मुलाला तो एकदा मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला तर पत्ता पुन्हा लिहा.